उचलायची राहिलेली खूण

दिवाळी सरली की नव्या मुंबईतल्या डोंगरांचा रंग बघता बघता उतरतो. काल हिरवं होतं ते आज पिवळं, आणि कुणी विडीचं थोटूक टाकलं की उद्या काळं. थंडी अशी इथे येत नाही, तिची नुसती वर्दी येते. पहाटे खाडीवरून धुकं निघतं, महाप्याच्या कारखान्यांकडून त्याला कसलासा गोडसर वास लागतो, आणि दोघं मिळून टेकड्यांच्या पायथ्याशी ऊन चढेपर्यंत ठाण मांडून बसतात. आमच्या सोसायटीतले लोक तेवढ्यावर मफलर गुंडाळतात आणि लिफ्टमध्ये एकमेकांना थंडी पडल्याचं सांगतात. त्या सांगण्यातच काय ती ऊब.

याच दिवसांत शाळांना निसर्ग आठवतो. परवा मुक्ताच्या शाळेचा निरोप फोनवर आला. मुक्ता माझी मुलगी, सातवीत आहे, आणि तिला गळ्यातला स्काउट-गाइडचा स्कार्फ अभ्यासापेक्षा प्रिय आहे. रविवारी डोंगरावर सहल, एक-दोन पालकांनी सोबत यावं, असा निरोप. वाचता वाचता माझ्या नाकात वास आले. वाळलेल्या गवताचा, खळ घातलेल्या खाकी चड्डीचा आणि तिसरा पांढऱ्या ऑइलपेंटचा. पहिले दोन वास कुणाच्याही लहानपणात सापडतील. तिसऱ्यासाठी मात्र आमच्या पथकातच असावं लागायचं.

आमचं पथक म्हणजे नेरूळच्या एका साध्या शाळेतली खाकीतली पोरं आणि दोन मास्तर. घरत सर मुख्य. जासईचे, आगरी, पी.टी. शिकवायचे. त्यांच्या पोटऱ्या बघून आम्हाला डोंगर चढायचं बळ यायचं. शाळेत ते शुद्ध बोलायचे, पण डोंगराची चढण लागली की त्यांच्या बोलीतला 'ण' गळून पडायचा आणि ते 'पानी' प्यायला लागायचे. दुसरे मुक्री सर, सहायक. पनवेलकडच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, गणित शिकवायचे. अंगाने काडी, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मोजकं. दोघांची दोस्ती अशी की एकमेकांशी फारसं बोलताना ते आम्हाला कधी दिसले नाहीत.

स्काउटमध्ये एक खेळ असतो, खुणांची वाट. एकाने पुढे जाऊन दगडांचे बाण मांडायचे, गवताच्या गाठी मारायच्या, जिथे जायचं नाही तिथे फुली ठेवायची. मागून येणाऱ्यांनी त्या खुणा वाचत जायचं. वाट संपते तिथे दगडांचं एक वर्तुळ करायचं आणि मधोमध एक दगड ठेवायचा. त्याचा अर्थ, मी घरी गेलो. ती खूण दिसली की थांबायचं. तिच्यापुढे वाट नाही, शोध नाही, वाद नाही.

घरत सर खुणा मांडायचे आणि मुक्री सर उचलायचे. कारण खेळाचा दुसरा, कमी गाजलेला नियम असा की जो सगळ्यांच्या शेवटी चालतो त्याने खुणा मोडत यायचं. बाणाचे दगड बाजूला टाकायचे, गाठी सोडायच्या, वर्तुळ उधळायचं, आणि मगच घरी जायचं. आम्ही पुढे आरडाओरडा करत चालायचो आणि मागून, बरंच मागून, दगडावर दगड पडल्याचा आवाज यायचा. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. तो आवाज येतोय म्हणजे मुक्री सर येतायत, म्हणजे सगळे येतायत.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "सर, राहू द्या ना तशाच. पुढच्या वेळी मांडायला नकोत."

"अरे बाबा," ते म्हणाले, "उद्या कोणीतरी तुझ्या बाणावर भरवसा ठेवून चालेल, आणि तू तिथे नसशील."

आता हे वाक्य कुणी भिंतीवर लावण्यासारखं आहे. त्यांनी ते चिंचेची बी थुंकता थुंकता म्हटलं होतं, त्यामुळे मला ते अजून सहन होतं.

दोघांच्या वर एक साहेब होते. स्काउटच्या दुनियेत मानद पदांची उतरंड फार उंच असते, आणि वर जावं तशा चड्ड्या लांब आणि भाषणं त्याहून लांब होतात. आमचे साहेब कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्याचे व्यापारी. मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट कायमची व्हायला हवी असे, पत्र्याच्या माणसाला वाटावं तशी. मी आठवीत असताना त्यांनी आमच्या खुणांच्या वाटेचा 'कायमस्वरूपी निसर्गपथ' करायचं ठरवलं. जासईच्या मागच्या डोंगरावर, वरच्या सोंडेने जाणाऱ्या पायवाटेवर, काळ्या खडकांवर पांढऱ्या ऑइलपेंटने बाण रंगवले गेले. दोन करवंदीच्या जाळ्यांना फीत बांधून साहेबांनी ती कापली. आम्ही तीन बोटांचा सलाम धरून इतका वेळ उभे होतो की पुढच्या रांगेतला एक जण सलामासकट खाली बसला. शेजारी फलक ठोकला होता, अर्थात पत्र्याचा. त्यावर साहेबांचं नाव, त्यांच्या वरच्या साहेबांचं नाव, आणि तळाशी जागा उरली म्हणून निसर्गाचा उल्लेख.

टाळ्या वाजत असताना मुक्री सर घरत सरांना म्हणाले, "रंगवलेली खूण उचलता येत नाही, घरत."

"आता साहेबच बोल्लं," घरत सर म्हणाले. "आनि दगडं मांडायचा तरास तरी वाचला."

मुक्री सरांनी रंगाला बोट लावून बघितलं. ओला होता. बोट त्यांनी गवताला पुसलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मुक्री सर गेले. श्रावणात, घरीच, छातीत दुखून. शाळेला सुट्टी मिळाली. आम्ही ती खेळण्यात घालवली आणि संध्याकाळी आपण काहीतरी चुकतोय असं वाटून गप्प झालो. घरत सर महिनाभर पी.टी.च्या तासाला आम्हाला नुसतं धावायला सांगत. किती, ते सांगत नसत. आम्ही दमून थांबायचो तेव्हा ते दुसरीकडेच बघत असायचे.

आणि मग तो मोसम आला, ज्याच्याबद्दल मला खरं तर लिहायचं आहे.

त्या वर्षी गवत कमरेएवढं वाढलं होतं. डोंगराच्या पाठीमागून वर्षभर सुरुंगांचे आवाज येत. बंदराच्या भरावाला दगड हवा होता आणि डोंगर आयताच उभा होता. दुपारी भोंगा व्हायचा, मग जमीन पायाखाली एकदा दचकायची. जासईच्या लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की स्फोटाच्या वेळी बायका फडताळातली कपबशी नुसती हाताने धरून ठेवत आणि बोलणं चालू ठेवत. डोंगर मागून खाल्ला जातोय हे सगळ्यांना माहीत होतं. गावाकडून मात्र तो अगदी जसाच्या तसा दिसे.

दर वर्षी सहलीच्या आदल्या दिवशी दोघं मास्तर अख्खी वाट चालून यायचे, एक मांडायला, एक तपासायला. त्या वर्षी घरत सर एकटे गेले. पायथ्यापासून रंगवलेली वाट लागेपर्यंत त्यांनी दगडांचे बाण मांडले आणि तिथूनच खाली उतरले. पुढची वाट कायमची होती. पुढे काय बघायचं? हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं तो मी पुढे कुठे ऐकला नाही.

सहलीच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी आया जमल्या होत्या. घरत सर दर वर्षीसारखेच म्हणाले, "जेवढी नेतो तेवढी आणून देतो." हा त्यांचा एकमेव वायदा. स्काउटचं वचन ते आमच्याकडून म्हणून घ्यायचे, स्वतः हे एवढंच म्हणायचे.

रविवार होता, सुरुंग बंद. धुकं असं की पुढच्याची पाठ दिसे आणि त्याच्या पुढच्याचा नुसता खोकला. आमचा संघ सर्वांत मागे होता आणि मी त्यातही शेवटाकडे. निघताना सरांनी संघांची नावं पुकारली, पुढे कोण, मध्ये कोण. शेवटी कोण चालणार ते त्यांनी सांगितलंच नाही. आम्हीही विचारलं नाही. ती जागा भरायची म्हणजे कुणीतरी आता नाही हे मोठ्याने बोलावं लागलं असतं.

थोडं चढलो आणि मागून, जिथे आता आमच्यातलं कुणी नव्हतं तिथून, आवाज आला. टक्.

मी वळलो नाही. माझ्या पुढे चालणारा भास्कर म्हणाला, "शेळ्या असतील."

"हो."

टक्.

"शेळ्यांना घंटा असतात रे," मी म्हणालो.

"मग नसतील शेळ्या. चल ना, डोकं काय खातोस."

यानंतर आम्ही दोघं जरा जवळजवळ चालायला लागलो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, तेव्हाही नव्हतो. सैल दगड घरंगळतात, धुक्यात आवाज कुठूनही कुठेही येतो. हे सगळं मी त्याही वेळी मनाशी म्हटलं. मला आठवतं ते एवढंच की त्या आवाजाने भीती वाटली नव्हती. बरं वाटलं होतं. भीती त्या बरं वाटण्याची वाटली, आणि तीही नंतर.

सोंडेवर पोचलो तेव्हा पांढरे बाण सुरू झाले. धुक्यात काळा खडक दिसत नव्हता, नुसता बाण दिसायचा, हवेत टांगल्यासारखा. एक गेला की पुढचा. पोरांना मजा वाटली. पुढच्या संघाचा नायक भावेश, तो जवळजवळ पळायलाच लागला. आणि अचानक सगळी रांग थांबली, एकमेकांच्या पाठीवर आदळली.

पुढून भावेशचा आवाज आला, "सर! घरी गेलो!"

रांगेच्या मधून घरत सर ओरडले, "कुठं घरी गेलो? अजून अर्धी वाट हाय पुढं!"

"खूण आहे सर!"

"अरे बाण बग ना बाण! रंगवलेला हाय तो बग!"

"बाण पण आहे सर. पण खूण बाणाच्या अलीकडे आहे."

भावेश अभ्यासात यथातथाच, पण नियमाचा पक्का. एकदा त्याने जेवणाची शिटी झाली नाही म्हणून भात गार होऊ दिला होता. मागची पोरं वैतागली. "ए भावेश, चल ना यार, कशाला टेन्शन घेतोस," कुणी म्हणालं. "खूण असली की थांबायचं," तो म्हणाला आणि दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला.

सर पुढे गेले. आम्हीही गवतातून कडेकडेने सरकलो. पायवाटेवर दगडांचं वर्तुळ होतं, नीट, हाताने मांडलेलं. मधला दगड पांढरा, गारेचा. मुक्री सर मधला दगड नेहमी गारेचा शोधायचे. म्हणायचे, तो लवकर दिसतो. पलीकडे चार पावलांवर खडक होता आणि त्यावर साहेबांचा बाण, सरळ पुढे दाखवणारा. त्याच्या पुढे धुकं.

खाली वाकून घरत सरांनी वाटेतला एक खडा उचलला आणि बाणाच्या दिशेने पुढे फेकला, लहान मुलाला चेंडू टाकावा तसा, हलकेच.

आवाज आला नाही.

आम्ही सगळे ऐकत उभे होतो. खडा गवतात पडला असता तर सरसर झाली असती, खडकावर पडला असता तर वाजला असता. काहीच नाही. आणि मग, आता येणार नाही असं वाटल्यावर, फार खालून आला. टक्.

"बसा," सर म्हणाले. "जो जिथं हाय तिथंच बसा. कोनी हलायचा नाय."

आम्ही बसलो. दवाने चड्ड्या भिजल्या. सर आमची डोकी मोजत होते. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू ऊन वर आलं, धुकं विरळ झालं आणि डोंगर दिसला. म्हणजे नव्हता तो दिसला. बाणाच्या खडकाला लागून सुरीने कापल्यासारखी कड होती. त्यापुढे लालसर, ताजा, उघडा पडलेला दगड उभाच्या उभा खाली गेलेला, आणि तळाला खेळण्यातल्यासारखे पिवळे डंपर. आमच्या कायमस्वरूपी निसर्गपथाचा उरलेला भाग बंदराच्या भरावात गेला होता.

भावेश मोठ्याने रडायला लागला. सरांनी त्याला पोटाशी धरलं आणि तसंच धरून ते आम्हा सगळ्यांना विचारत राहिले, "ही कोनी मांडली? खरं सांगा. मी काय बोलनार नाय. कोनी मांडली?"

कुणीच मांडली नव्हती. आम्ही सगळे आत्ताच तर आलो होतो. मग सरांनी वर्तुळातला एक दगड जरासा उचलून पाहिला. त्याच्याखाली गवत होतं, दाबलं गेलेलं, पण पिवळं, काडीसकट. यंदाच्या पावसात वाढलेलं आणि दिवाळीनंतर वाळलेलं. दगड त्याच्यावर ठेवलेले होते, म्हणजे श्रावणाच्या बऱ्याच नंतर. सरांनी तो होता तसा, होता तिथे परत ठेवला.

मी नंतर पुष्कळ पुस्तकं वाचली आणि प्रत्येक गोष्टीला पायवाट असते असं मानायची सवय लागली. खाणीवरच्या कुणा मजुराने कड जवळ आलेली पाहून दगड मांडले असतील. मजुराला आमची खूण कशी ठाऊक? ठाऊक नसेल, त्याने नुसतं आळं केलं असेल, झाडाला करतात तसं. गारेचे दगड डोंगरावर पोत्याने पडलेले असतात. हे सगळं शक्य आहे. रात्री अंथरुणात ते पटतं. दिवसा, पिवळ्या गवतात उभं राहिलं की पटत नाही. माझ्या बाबतीत भीतीचं वेळापत्रक उलटं झालेलं आहे.

परतताना भावेशने नियमाप्रमाणे विचारलं, "सर, खूण उचलू?"

"राहू दे," घरत सर म्हणाले. "आज नको."

ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी उतरले. शाळेच्या फाटकाशी एकेका आईच्या हातात एकेक पोरगं देताना ते प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत होते. आयांना वाटलं, आशीर्वाद देतायत.

बातमी साहेबांपर्यंत गेली. महिन्याभरात एक समारंभ झाला आणि 'प्रसंगावधान' दाखवल्याबद्दल भावेशला प्रमाणपत्र मिळालं. भाषणात डोंगराचा उल्लेख 'आव्हान' असा झाला. बाण कुणी रंगवायला लावले याचा झाला नाही. साहेबांनी दुसऱ्या एका टेकडीवर नवा पथ करण्याचा मनोदय जाहीर केला तेव्हा टाळ्या सुरू होण्याआधी घरत सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझी पोरं रंगावर चालनार नाय." एवढंच, आणि खाली बसले. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण असावं. नवा पथ झाला नाही. फलक पुढे जासईत कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर झाला, आणि मला वाटतं तोच त्याच्या उपयोगाचा काळ.

घरत सर निवृत्त होईपर्यंत पथक चालवत राहिले. आदल्या दिवशी वाट दोनदा चालत, एकदा मांडायला, एकदा तपासायला. सहलीत शेवटी स्वतः. मोठी पोरं म्हणत, सर, आम्ही चालतो मागे, तर नाही म्हणत.

मुक्ताच्या शाळेचा निरोप आल्यावर मी जासईला गेलो. कारण सांगायचं तर पाठवावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं, आणि हे विचारण्यासारखा माणूस एकच होता. सरांच्या कौलारू घराच्या जागी आता मुलाने बांधलेली मोठी इमारत आहे. सर गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पोटऱ्या आता राहिल्या नाहीत. समोर डोंगर असायचा तिथे नुसतं आकाश, आणि त्याखाली रंगीत कंटेनरच्या थप्प्या.

"बस. चा घे. तुजी पोर किती मोठी झाली?"

"सातवीत आहे सर. रविवारी डोंगरावर नेतायत."

"कनच्या?"

मी नाव सांगितलं.

"तो हाय अजून," सर म्हणाले. "आदल्या दिवशी बगून आलं का कोन?"

"तेच विचारणार आहे. शनिवारी मी स्वतः जाऊन येतो."

"जा. आनि पोरीला पाठव. घरान ठेवून कोनाला वाट कललीय?"

चहा आला. बराच वेळ आम्ही कंटेनर उचलणारी क्रेन बघत बसलो. शेवटी मी धीर करून विचारलं, "सर, ती खूण तुम्ही मांडली होती का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. रागावले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी गेलतो. उचलायला. रात्रभर डोल्याला डोला नाय लागला. नियम हाय, उचलाया पायजे. गेलो तं भोंगा झालेला. खालीच अडवला मला. धूल बसल्याव वर गेलो."

"मग?"

"तो खडकच नाय. बान नाय, खून नाय, काय नाय. जागाच नाय." त्यांनी समोर हवेत बोट केलं, कंटेनरच्या थप्प्यांच्या पुष्कळ वर, जिथे एक घार फिरत होती. "तितं व्हती. तवड्या उंचीव."

मी तिकडे पाहिलं.

"उचललीच नाय रं कोनी," सर म्हणाले. "मांडलेलीच हाय अजून. आनि उचलल्याबिगर शेवटचा मानूस घरी जात नाय. त्यो तं कधीच नाय गेला." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, जमीन दचकायची वाट बघत असल्यासारखा. "मंग मी येवढी वर्सं मागं चालत व्हतो, तवा मी शेवटचा कुठं व्हतो?"

निघताना त्यांनी डावा हात पुढे केला, स्काउटसारखा. मी तो धरला. त्यांनी दुसरा हात माझ्या डोक्याला लावला, मोजल्यासारखा.

शनिवारी मी मुक्ताच्या बाईंबरोबर वाट चालून आलो. त्यांनी मांडली, मी तपासली. रविवारी धुकं होतं, तोच गोडसर वास होता, आणि कमरेएवढं पिवळं गवत. मुलं आरडाओरडा करत पुढे गेली. बाईंनी विचारलं, खुणा उचलायला मागे कोण थांबेल, आणि माझा हात वर गेला. पहिल्या बाणाचे दगड मी बाजूला टाकले. टक्. पुढच्या गवताची गाठ सोडली. खाली वाकलो की मान फिरवायचा मोह होत होता. मी ती फिरवली नाही.

वळणावर मुक्ता थांबली होती. स्कार्फ तिरका, गाल लाल.

"बाबा, चल ना लवकर! तूच शेवटचा आहेस ना?"

"नाही," मी म्हणालो. "शेवटून दुसरा."